फुसक्यांची बादली

जबलपूर
३ ऑक्टोबर १९७१

चि. विनता,

आशीर्वाद. पाकीट उघडलंस तर पोचतील, नाही तर तिथल्या चिखलात बुडतील.

उन्हाळ्यापासून लिहितो आहे, तुझं उत्तर एकालाही नाही. तुझी हेमाआत्या म्हणते, "पोरगी तुझ्यावरच गेली रे मुरली. रागावली की दगड." मी म्हटलं, माझ्यावर गेली असती तर आमच्या फॅक्टरीच्या ऑफिसात चिकटली असती. क्वार्टर मिळालं असतं, पेन्शन लागली असती. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून लांब पायांच्या पक्ष्यांची चौकशी करत बसली नसती. आत्या हसली नाही. तू गेल्यापासून ती माझ्या विनोदांना हसतच नाही, आणि घरात दुसरं कुणी हसायला नाही. तुझी आई असती तर तिने निदान मला गप्प बसवलं असतं.

मे महिन्यात तू तो कागद घेऊन आलीस, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. तुला वाटत असेल बाबा विसरले. तुमचं ते मिठाचं सरोवर पक्ष्यांसाठी राखलेलं आहे, तिथे अभयारण्याचा फलक लागलेला आहे, तरी त्याचा दक्षिणेकडचा चिखल तोफगोळे उडवून पाहायला दिला आहे. ती जमीन मऊ आहे, या कामाला नालायक आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली जागा सोडली होती. 'जाणकाराची सही.' जाणकार म्हणजे मी, कारण सगळी नोकरी मी फ्यूज विभागात, गोळा कशाने फुटतो ते पाहण्यात काढली.

मी सही केली नाही. आजही करणार नाही. नोकरीला लागताना मी शपथ घेतली आहे की गेटच्या आतलं आतच ठेवीन. शिवाय लढाई दारात उभी आहे, हे इथल्या भाजीवाल्यालाही दिसतं. माल कुठे तरी उडवून पाहायला नको? न पाहता पाठवला आणि ऐन वेळी त्याने दगा दिला, तर तिकडे कुणाचा तरी मुलगा मरेल. तुझे रोहित पक्षी काय, पंख आहेत त्यांना, दुसऱ्या पाण्यावर जातील. तू म्हणालीस, "जात नाहीत बाबा. तिथलं खाणं दुसरीकडे नाही. उपाशी मरतात." मी म्हटलं, मरू देत. तेवढं बोलायला नको होतं.

मग तू विचारलंस, "सही नका करू. एवढंच सांगा, मऊ चिखलात पडल्यावर गोळ्याचं काय होतं?" मी म्हटलं, "मला काही माहीत नाही." तू कागदाची घडी घातलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. आत्याने बांधलेला डबा ओट्यावरच राहिला.

रविवारी बसने तिलवाऱ्याला गेलो होतो. नर्मदेचं पाणी उतरलं आहे. पुलाखालच्या वाळूवर तांबूस रंगाची बदकं बसली होती, जोडीजोडीने. त्यांचं नाव तुला ठाऊक असणार. माझ्या लेखी सगळी बदकंच. तरी उभा राहून पाहिली, कारण तू असतीस तर मला बाही धरून उभं केलं असतंस.

तुझा बाप,
मुरलीधर


जबलपूर
२१ ऑक्टोबर १९७१

चि. विनता,

दिवाळी पार पडली. आत्याचे अनारसे तुपात विरघळले. तिने दोष गुळाला दिला, मी तिला दिला, मग ती दिवसभर माझ्याशी हिंदीत बोलली. रागावली की ती हिंदीत शिरते, तुला माहीत आहे.

अंगणात बादली ठेवली होती. आपल्या घरात फटाके उडवणारं कुणी उरलं नाही, पण शेजारच्या इंदूची पोरं आपल्याच अंगणात येतात. नियम तोच. वाजला नाही त्याच्यावर वाकायचं नाही, लाथ मारायची नाही. थांबायचं. मग लांब चिमट्याने उचलून पाण्याच्या बादलीत. तू परकर सावरत बादलीशी उभी राहायचीस आणि एकेक फुसका आत पडला की ओरडायचीस, "पाण्यात पडलं की मेलं!" मीच शिकवलेलं वाक्य. इंदूची पोरं ओरडतात, "पानी में गया, मर गया!" जबलपूरला मराठीचं असंच होतं, एका पिढीत.

कॉलनीत अजून माझी थट्टा करतात, की दिवसभर दारूगोळ्यात वावरणारा माणूस घरी लवंगी फटाक्याला घाबरतो. हसू देत. घाबरणारी माणसंच दोन्ही हात घेऊन रिटायर होतात.

काम फार आहे. रविवारही गेला, सगळ्यांच्या रजा बंद. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर.  

तुझ्या पक्ष्यांची पहिली तुकडी उतरली असेल आता. लिहायचं नसेल तर नको लिहूस. एखादं पीस पाकिटात घालून पाठव. त्यात बोलल्यासारखं काही होत नाही.

बाबा


जबलपूर
९ नोव्हेंबर १९७१

विनू,

तुझं पत्र आज आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी पायरीवरच बसलो. आत्या आतून ओरडली, "कोण आलं रे?" मी म्हटलं, विनू आली.

मग वाचलं. तूच लिहिलेलं तुला परत उतरवून देतो, म्हणजे तू काय लिहिलं आहेस ते तुला दिसेल.

'बाबा, तुमच्या फॅक्टरीचा शिक्का असलेली वस्तू आज दक्षिणेच्या चिखलात सापडली. फुटलेली नाही. अशा पुष्कळ आहेत. मिठागरातली माणसं त्यांच्या तांब्याच्या पट्ट्या काढायला येतात. कुणाचा तरी जीव जाईल, आणि माणसांच्या वर्दळीने पक्षी तर उतरतच नाहीत. म्हणून मी आणि माझा नावाडी सोमय्या त्या दोरीने ओढून नावेत घालतो आणि मधल्या खोल पाण्यात सोडून देतो. घाबरत नाही. तुम्हीच शिकवलंय, पाण्यात पडलं की मेलं. तुमची घाण आम्ही साफ करतोय एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. उत्तर लिहू नका. मी उघडणार नाही.'

हे उघड. माझ्यावर थुंक, पण हे उघड.

हल्ली इथलं टपाल मध्ये उघडून पाहतात. म्हणून यापुढे मी नारळाबद्दल लिहितो आहे. मध्ये कुणी वाचत असतील त्यांनीही नारळच समजावा.

ती बादली लवंगीपुरती होती, पोरी. लवंगीचं अंग कागदाचं असतं, कागद भिजला की तिचा खेळ संपला. नारळाला कवटी असते. तिच्यात पाणी शिरत नाही, कित्येक वर्षं शिरत नाही. नारळ दगडावर आपटला तर लगेच फुटतो, ते बरं, त्याचं आपलं संपलं. पण लोण्यासारख्या चिखलात पडला तर त्याला पुरता दणका बसत नाही. तो जागा होता होता राहतो. अशा नारळाला पुढे किती दणका पुरेल हे कुणालाच सांगता येत नाही. नावेच्या कडेला लागला तरी पुरेल, दोरीचा हिसका पुरेल. चिखल त्याला मारत नाही. चिखल त्याला जपून ठेवतो, आणि पाणीही.

मे महिन्यात तू हेच विचारलं होतंस. मला माहीत होतं.

आता एकालाही हात लावू नकोस. दोरी नको, काठी नको. सोमय्यालाही सांग. दूर कोरड्या जागी बांबू रोवून लाल फडकी बांधा, माणसं येणार नाहीत असं करा, आणि तिथल्या फौजदाराला सांगून जाणकार माणसं मागवा. पक्षी उतरले नाहीत तर न उतरोत.

पत्ता माझ्या अक्षरात आहे, तो पाहून तू पाकीट ट्रंकेत टाकशील हे मला कळतं. आत्याला लिहिता आलं असतं तर तिच्याकडून घातला असता. ती आत्ता लोणच्याची हळद कालवते आहे. पाकीट तिलाच चिकटवायला देणार, हात धुऊ न देता. तिला म्हटलं तर म्हणाली, "काहून रे, पाकीट खराब होईल ना!" मी म्हटलं, होऊ दे. तिचं पिवळं बोट पाकिटावर दिसेल. माझं उघडू नकोस, तिचं उघड.

बाबा


[पोस्टकार्ड]

जबलपूर
१५ नोव्हेंबर १९७१

चि. विनता,

हे कार्ड आहे. हे उघडावं लागत नाही.

चिखलातले न फुटलेले गोळे जिवंत आहेत. ते पाण्याने मरत नाहीत. हात लावू नकोस, ओढू नकोस, नावेत घालू नकोस. सोमय्यालाही लावू देऊ नकोस. मी फ्यूज विभागात आयुष्य काढलं आहे. मला माहीत आहे.

पोस्टमनदादा, तुम्ही वाचलंत तरी चालेल. खाली इंग्रजीतही लिहिलं आहे. तिला हाक मारून द्या.

बाबा


जबलपूर
२८ नोव्हेंबर १९७१

विनू,

हे पत्र आपला रत्नाकर घेऊन जातो आहे. इंदूचा नवरा, मालगाडीवर गार्ड आहे तो. नागपूरला पेटीत टाकेल. तिथून उघडलं जाणार नाही, तेव्हा आता नारळ पुरे. गोळे जिवंत आहेत, विनू. पाण्यातले सगळे जिवंत आहेत.

तुला कार्ड मिळालं नाही, हे मला आता माहीत आहे. कारण ते मला दिसलं. गुरुवारी साहेबांनी बोलावलं, टेबलावर माझं कार्ड, त्यावर लाल पेन्सिलीच्या रेघा. 'गोळे'खाली एक, 'फ्यूज'खाली एक.

"ये आपने लिखा है?"

"जी, मैंने."

"मुरलीधर जी, आप जैसे पुराने आदमी से ये उम्मीद नहीं थी. लड़ाई सर पर है, और आप खुले कार्ड पर फ्यूज की बात लिख रहे हैं?"

मी म्हटलं, "साहब, मेरी लड़की उन्हें हाथ से उठा रही है."

"तो दफ्तर में बताते."

"बताया था साहब. अर्जी दी थी."

त्यांनी माझी फाइल पुढे ओढली. वाईट माणूस नाही, त्यांनाही दोन मुली आहेत. म्हणाले, "अर्जी ऊपर गई है." मी म्हटलं, मग आता हे कार्ड पाठवून द्या, तुमच्या रेघांसकट पाठवा, रेघा असल्या तर ती जास्त नीट वाचेल. त्यांनी कार्ड उचललं आणि फायलीत ठेवलं. फीत बांधली. मला वाटलं त्यांचा हात धरावा. धरला नाही. एवढ्या वर्षांत साहेबाच्या टेबलावर हात टाकायची सवयच नाही लागली.

त्याआधी तारही केली होती. 'काही उचलू नकोस, घरी ये.' तारबाबूने दोनदा वाचलं आणि विचारलं, "कुछ उठाना नहीं, मतलब? ये कोई कोड तो नहीं है?" शेवटी त्याने 'घरी ये' एवढंच पाठवलं. ते वाचून तुला काय वाटलं असेल ते मी इथे बसून सांगू शकतो. म्हाताऱ्याचा हुकूम. तुझ्या संस्थेच्या साहेबांना इंग्रजीत लिहिलं, त्यांच्या कारकुनाचं उत्तर आलं, की साहेब दौऱ्यावर आहेत.

मी हल्ली घरीच असतो. थोडी विश्रांती घ्यायला सांगितली आहे. तू म्हणशील, मग निघून का येत नाही. तूर्त जबलपूर सोडता येत नाही, त्याचं कारण सांगण्यासारखं नाही. भोंगा झाला की मी सवयीने उठतो, शर्ट चढवतो, मग आत्या शर्टाची बटणं काढते. काल म्हणाली, "तू मला काही सांगून नाही राहिला, मुरली." मी म्हटलं, पाठ दुखते. ती म्हणाली, "पाठ दुखणारा माणूस उभ्या उभ्या काहून चहा पितो?"

विनू, मी शपथ मोडली. मोडली आणि काही उपयोग झाला नाही. मे महिन्यात तुझ्यासमोर बसून दोन वाक्यांत मोडली असती तर हे काहीच लागलं नसतं. असं मनात येतं, मग मी अंगणात जाऊन झाडांना पाणी घालतो.

उघड गं.

बाबा


जबलपूर
१८ डिसेंबर १९७१

श्री. गुणवंतजी यांस,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तुम्ही नागपूरचे, रेल्वेच्या त्या इस्पितळात जखमा बांधणारे ड्रेसर आहात, आणि तिच्या उशाशी एक तरी मराठी माणूस आहे, हे वाचून मी देवाला नाही, रेल्वेला हात जोडले. मायन्यात तुम्ही 'काका' लिहिलंत. त्या हक्काने पुढचं लिहितो.

तुम्ही सगळं सरळ लिहिलंत, आडपडदा ठेवला नाहीत, त्याबद्दल आभार. उजवा हात मनगटापासून नाही. उजवा डोळा गेला, डाव्याला नुसता उजेड कळतो. नावाडी सोमय्या जागच्या जागी गेला. त्याची बायको रोज इस्पितळाच्या पायरीवर येऊन बसते आणि काही मागत नाही, हेही तुम्ही लिहिलंत. ते वाचून झाल्यावर मला पुढची ओळ बराच वेळ दिसली नाही.

पुढच्या ओळीत तुम्ही लिहिलं आहे, की तिची ट्रंक आली आहे, तीत माझी पत्रं आहेत, सगळी बंद. आणि ती म्हणते, 'बाबांची पत्रं वाचून दाखवा.' वाचू का, असं तुम्ही विचारलंत. दुसरा कुणी असता तर विचारलं नसतं.

वाचा. सगळी वाचा, दोन सोडून.

एका पाकिटावर हळदीच्या बोटाचा ठसा आहे. ते ट्रंकेत असणारच, बंदच असणार. ते जाळा. आत वाचू नका, तुम्हालाही त्याचं ओझं नको. दुसऱ्यावर नागपूरचा शिक्का आहे. तुम्ही लिहिलेल्या तारखेवरून पाहता ते अपघातानंतर पोचलं असेल. तेही जाळा. तिच्या खोलीत नको. बाहेर, वारा तिच्या खिडकीकडे नसताना.

का, ते सांगतो. तुम्हाला सांगितल्याशिवाय तुम्ही जाळणार नाही, आणि जाळू नयेच. हळदीच्या पाकिटात मी तिला सगळं लिहिलं होतं. पाण्याने गोळा मरत नाही, हात लावू नको, सोमय्याला लावू देऊ नको, असं सगळं. ते पाकीट वेळेवर पोचलं होतं. तिने उघडलं असतं तर तिचा हात असता आणि तो माणूस जिवंत असता. हे तिला कळता कामा नये. कधीच नाही. डोळे गेलेली माणसं जगतात. हे कळल्यावर माझी मुलगी जगणार नाही. तिला मी ओळखतो, ती माझ्यावर गेली आहे.

ती विचारील, बाबांनी काहीच कसं कळवलं नाही. त्याचं उत्तर सोबतच्या पत्रात आहे. ते आधी वाचून दाखवा. उत्तर खोटं आहे. तुमचा आवाज हलू देऊ नका, तिला आवाजातलं कळतं.

माझी इथे चौकशी चालली आहे. एका पोस्टकार्डावरून. ते कार्ड तिला पोचलं नाही, त्यामुळे त्याबद्दल तिला काही माहीत नाही, तेव्हा तेही बोलू नका. निकाल लागेपर्यंत मला गाव सोडायची मनाई आहे. माझी थोरली बहीण हेमलता परवा निघते आहे, रत्नाकर तिला सोडायला येईल. तिला लिहिता वाचता येत नाही. त्या पाकिटाचं तिला सांगू नका. ठसा तिच्याच बोटाचा आहे.

सोमय्याच्या घरी माझ्याकडून कुणी जायला हवं. मी येईन तेव्हा जाईन. काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आपला,
मुरलीधर


जबलपूर
१८ डिसेंबर १९७१

चि. विनता,

आशीर्वाद. हे गुणवंतजी वाचून दाखवत आहेत. ते वाचतात तसं ऐक, मध्ये त्यांच्या चुका काढू नकोस.

आत्या येते आहे. तुझ्यासाठी तिने पुन्हा अनारसे केले, पुन्हा विरघळले, तो चुरा डब्यात भरून आणते आहे. छान झालेत म्हण. ती तुझ्याजवळ राहील, तू हाकललंस तरी. आंघोळ घालताना ती बडबडेल, तिला बडबडू दे, ती गप्प झाली तर मला कळव.

लढाई संपली. आपण जिंकलो. परवापासून कॉलनीत फटाके वाजत आहेत, फॅक्टरीत पेढे वाटले. इंदूची पोरं आपल्या अंगणात आली आणि त्यांनी स्वतःच बादली मागितली. मी दिली नाही. त्यांना म्हटलं, आज फटाके नकोत, घरी जा. ती खट्टू होऊन गेली. आता ती बादली गोठ्यातल्या गवळ्याला देऊन टाकली आहे.

मी येत नाही याचा राग धरू नकोस, किंवा धर. लढाई संपली तरी फॅक्टरी मला सोडत नाही. मिळेल तेव्हा पहिल्या गाडीने येईन.

तुझा तो मे महिन्यातला कागद. मला तो पाठ होता, मी पुन्हा लिहून काढला. मऊ चिखलात गोळा फुटत नाही, जिवंत राहतो, ती जागा या कामाला नालायक आहे, तिथे माणसं मरतील. 'मरतील' खोडून 'मेली' केलं. सोमय्याचं नाव घातलं. खाली सही केली आहे, पूर्ण नावाने, हुद्द्यासकट. एक प्रत फॅक्टरीत दिली, एक तुझ्या संस्थेला, एक या पाकिटात आहे. तुला दिसणार नाही, पण मी टाक दाबून सही केली आहे. कागद उलटा धर आणि डाव्या हाताचं बोट फिरव. लागेल.

त्याने तुझ्या सरोवराचा तो तुकडा सोडवला जाईल का, मला माहीत नाही. गुणवंतजींनी लिहिलं आहे, की गोळीबार थांबल्यापासून दक्षिणेच्या चिखलावर पुन्हा गुलाबी रांग दिसते, आगगाडीतूनसुद्धा. त्यांना तू विचारलं होतंस म्हणे.

आता ते एक. माझी जुनी पत्रं तू ऐकशील. त्यात बदकं आहेत, दिवाळी आहे, माझी बडबड आहे. तू शोधशील ते त्यात नाही. तुझं पत्र मला वेळेवर मिळालं होतं, ९ नोव्हेंबरला. तू गोळे पाण्यात टाकते आहेस हे मी वाचलं होतं, आणि ते मरत नाहीत हे मला माहीत होतं. तू विचारशील, मग बाबा, लिहिलं काहून नाही?

तू लिहिलं होतंस ना, उघडणार नाही म्हणून. मला राग आला. म्हटलं, नाही उघडायचं तर नको, मी तरी कशाला लिहू.

फुगून बसलो होतो, पोरी. नाही लिहिलं.

बाबा